मुष्टियुद्धाचे पहिले पाठ

अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी परवा एका पालकांनी मला थांबवून, आपल्या सात वर्षांच्या कन्येला ठोसे मारायला केव्हा शिकवणार, अशी रोखठोक पृच्छा केली. त्या पृच्छेचे उत्तर सविस्तर देणे अगत्याचे वाटते.

माझ्या शिरस्त्याप्रमाणे आरंभ पायांपासून होतो. उजखोऱ्या मुलाने डावा पाय पुढे व उजवा तिरपा मागे ठेवून, गुडघे किंचित वाकवून, हनुवटी खाली आणि कोपरे बरगड्यांलगत धरून उभे राहावे. पुढे सरकताना पुढचा पाय प्रथम, मागे येताना मागचा, आणि पायांची कैची कदापि नाही.

मग मूठ. अंगठा बोटांच्या आत कोंडला तर दुखावतो, म्हणून तो बाहेर. मनगट सरळ, आघात तर्जनी व मध्यमेच्या सांध्यांवर, आणि हात तत्काळ गालापाशी परत.

डोक्यावर प्रहार मात्र सक्त मना. अमेरिका व कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2011 साली मुलांच्या मुष्टियुद्धास विरोध नोंदविला, तो मुख्यतः मेंदूच्या इजेच्या धास्तीने. म्हणून माझ्याकडे लहानग्यांना दोरीउड्या, शॅडो बॉक्सिंग आणि पॅडवर हलके ठोसे, एवढीच मुभा आहे.

मुष्टियोद्ध्याची जिद्द रिंगणाबाहेरही टिकते, हे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकरांकडे पाहून पटते: सैन्यातील हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात जायबंदी झाला, आणि तरीही 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर जलतरणाचे सुवर्णपदक त्याने मिळविले.

वय, हातमोजे वा सराव यांविषयी शंका असल्यास निःसंकोच विचारावे. यथामती उत्तर देईन.