परंगीमलै-पल्लावरम : चार्नोकाइटच्या डोंगराखालची वस्ती

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला सरावलेल्या वाचकाला चेन्नईच्या नैऋत्येकडील परंगीमलै (तमिळमध्ये ‘फिरंग्यांचा डोंगर’, म्हणजेच सेंट थॉमस माउंट), पल्लावरम आणि तिरुसूलम येथील टेकड्या ओळखीच्या वाटण्याचा संभव आहे. परंतु सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, तर या टेकड्यांचा दगड सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी भूकवचात खोलवर, प्रचंड उष्णतेत घडलेला आहे. बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्रात चार्नोकाइट. ताज्या फोडलेल्या कपारीकडे निरखून पाहिल्यास निळसर-करडे गारेचे कण, तेल चोपडल्यासारखी चकाकी आणि हायपरस्थीन या लोह-मॅग्नेशियमयुक्त खनिजाचे तपकिरी ठिपके दिसतात. कोलकात्याच्या स्थापनेशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या जॉब चार्नोकच्या थडग्यावर हाच दगड बसवलेला होता, आणि तो पाहूनच थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये खडकाला चार्नोकाइट हे नाव दिले. जगभर, अगदी अंटार्क्टिकातही, आढळणाऱ्या या खडकाचे मूळ ठिकाण मात्र हेच मानले जाते.

असा एकसंध खडक पाणी धरत नाही; ते केवळ भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात मुरते. म्हणूनच येथील जुनी वस्ती डोंगरमाथ्यावर न वाढता पायथ्याच्या ‘एरी’भोवती, म्हणजे पावसाचे वाहते पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेल्या तलावांभोवती वाढली. परंगीमलैच्या माथ्यावर मात्र पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात चर्च बांधले. पल्लावरमच्या टेकडीत त्याआधी सुमारे नऊशे वर्षे, सातव्या शतकाच्या प्रारंभी, पल्लव राजा महेंद्रवर्मन पहिला याने लेणे खोदविले होते. आपल्याकडील लेण्यांच्या बेसॉल्टच्या मानाने हा दगड फार चिवट असल्याने तेथील साधे, जाड खांब हे कारागिरांच्या उणिवेचे लक्षण न मानता दगडाशी केलेली तडजोड मानणे अधिक न्याय्य ठरेल.

पल्लावरम गावाचे नाव पल्लवांवरून पडले असले, तरी माणसाचा वावर तेथून सुरू होत नाही. ३० मे १८६३ रोजी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना पल्लावरम येथे जांभ्याच्या खडीत अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली, आणि भारतातील पुराश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया त्या दिवशी घातला गेला. ती कुऱ्हाड चार्नोकाइटची नव्हती. क्वार्टझाइटची, म्हणजे वाळूच्या दगडाचे रूपांतर होऊन बनलेल्या आणि धारदार छिलके निघणाऱ्या कठीण दगडाची होती. कोणता दगड हत्याराच्या कामाचा, याची पारख त्या आदिमानवाला होती, ही बाब येथे विशेष महत्त्वाची वाटते. फूट यांच्या शोधाआधीही या टेकड्यांनी अभ्यासकांना ओढून घेतले होते : १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीची सुमारे १२ किलोमीटरची पहिली आधाररेषा आखली, तीही याच परंगीमलैच्या पायथ्यापासून.

पुढे शहर वाढले तशी खडीची मागणी वाढली आणि तिरुसूलम परिसरातील टेकड्यांचे लचके तोडले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने येथील चार्नोकाइटला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक घोषित केले आहे, परंतु एका जागेला स्मारकाचा दर्जा देऊन भोवतालचा डोंगर राखला जात नाही. चेन्नई विमानतळावर उतरणाऱ्या मराठी प्रवाशाने समोरच्या तिरुसूलम स्थानकाकडून या टेकड्या अवश्य पाहाव्यात आणि उरलेल्या कपारी जपण्याच्या मागणीला आपला आवाज द्यावा.