म्हातारपणी सांभाळाचा विमा घ्यावा का?

बडोद्याला माझी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचे पैसे आरोग्य विम्यातून मिळाले. पण नंतर तिला उठवायला-बसवायला, आंघोळ घालायला बाई ठेवली. तिचा पगार दोन वर्षं आम्हा भावंडांनाच द्यावा लागला.

फरक इथेच आहे. आपला आरोग्य विमा उपचारांचा असतो, सांभाळाचा नव्हे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, तेही रुग्णालयातल्या उपचारांचंच. जर्मनीत १९९५पासून सांभाळाचा विमा सक्तीचा आहे. आपल्याकडे तसा पर्याय जवळजवळ नाहीच.

म्हणून एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला, तर विचारा: घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार मिळेल का? किती महिने? पॉलिसीत कुठे लिहिलंय, ते दाखवा.

मी आता साठीची आहे. महिना २० हजार धरले, तर तीन वर्षांचे ७ लाख २० हजार होतात. आरोग्य विमा चालू ठेवून ही रक्कम मी वेगळ्या ठेवीत जमवतेय. मुलांनाही सांगून ठेवलंय. तुमच्या घरी हा विषय निघाला नसेल, तर येत्या रविवारी काढाच.