मोहोर एका देशाची, मान दुसऱ्या देशात

मुंबईच्या वेशीवर २०१७ सालापर्यंत जकात नाके होते. तेथील मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना तपासणीत वेळ गेला म्हणजे काय होते हे निराळे सांगावयास नको. माल चोख असूनही भाजी कोमेजते, फळ नरम पडते आणि भाव उतरतो. समुद्रापार जाणाऱ्या शेतमालास परक्या बंदरात हाच अनुभव येतो. माल पाठविणारा कोण व कसा, हे तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यास ठाऊक नसते. साहजिकच तो कंटेनर उघडून पाहतो. आणि शीत कंटेनरचे दार उघडले की आतील गारवाही बाहेर पडतो.

या अडचणीतून न्यूझीलंडने काढलेला मार्ग आपल्याकडील निर्यातदार शेतकऱ्यांनी समजून घेण्याजोगा आहे. दूध भुकटी, लोणी, मांस आणि फळे यांच्या निर्यातीवर त्या देशाची भिस्त आहे. २००१ सालच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने बंदरांवरील तपासणी कडक केली. त्याबरोबरच आपली गोदामे, कामगार, वाहने व कागदपत्रे यांचा चोख बंदोबस्त ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना विश्वासू म्हणून मान्यता देण्याची योजनाही काढली. न्यूझीलंडनेही आपल्या निर्यातदारांसाठी तशीच योजना सुरू केली. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ साली या बाबतीत समान चौकट आखून दिली, आणि जून २००७ मध्ये या दोन देशांनी एकमेकांच्या योजनांना मान्यता दिली. अमेरिकेने केलेला या प्रकारचा हा पहिलाच समझोता होय.

अशी मान्यता केवळ स्नेहापोटी मिळत नाही. प्रथम दोन्ही योजनांचे नियम शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले जातात. मग एका देशाचे अधिकारी दुसऱ्या देशात जाऊन, तेथील अधिकारी व्यापाऱ्याची तपासणी कशी करतात, हे प्रत्यक्ष त्याच्या गोदामात उभे राहून पाहतात. खरी पारख होते ती येथेच. कागदावर सारीच कुलुपे बंद असतात! खात्री पटल्यावर सह्या होतात आणि विश्वासू व्यापाऱ्यांची माहिती एकमेकांस कळविण्याची रीत ठरते. एखाद्याची मान्यता काढून घेतली, तर तेही कळवावे लागते.

भारतात ‘एईओ’ नावाची अशीच योजना २०११ साली आली आणि २०१६ साली तिची नव्याने मांडणी झाली. आयातदार-निर्यातदारांसाठी तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली मुख्यतः कागदपत्रांवर मिळते. दुसऱ्या पायरीसाठी अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात, आणि परदेशातील मान्यतेचा लाभ दुसऱ्या व तिसऱ्या पायरीलाच असतो. अमेरिकेशी भारताचा समझोता २०२१ साली झाला. मार्च २०२५ मध्ये खुद्द न्यूझीलंडशीही झाला.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. या मान्यतेने तपासणी माफ होत नाही; ती होण्याचा संभव कमी होतो आणि झालीच तर पाळी लवकर येते. शिवाय हा विश्वास व्यापाऱ्यावर असतो, फळावर नव्हे. अमेरिकेस जाणाऱ्या हापूस-केसर आंब्यावर २००७ सालापासून विकिरण प्रक्रियेचे बंधन आहे. ते निर्यातदार कितीही विश्वासू असला तरी सुटत नाही. द्राक्षांवरील औषधांच्या अंशाची तपासणीही निराळीच, आणि ते काम सीमाशुल्क खात्याचे नव्हे.

मग शेतकऱ्याचा संबंध कोठे येतो? माल बांधला जातो त्या शेडमध्ये. गावातील शेतकरी उत्पादक कंपनी स्वतः निर्यात करू इच्छीत असेल, तर ग्रामसेवकांनी तिच्या चालकांशी याविषयी अवश्य बोलावे. शेडची किल्ली कोणाजवळ असते, भरणीच्या वेळी परका मनुष्य आत येतो काय, पेट्यांची मोजदाद कोण लिहितो, हे पाहणीस येणारा अधिकारी विचारणारच. कंटेनर भरून होताच दारास मोहोर लावावी, तिचा क्रमांक तेथल्या तेथे वहीत उतरवावा आणि मालमोटार निघण्यापूर्वी कागदांवरील क्रमांकाशी तो ताडून पाहावा. बंदरावर हे दोन क्रमांक जुळले नाहीत, तर कंटेनर तेथेच थांबतो.