कोरड्या मुलुखासाठी खडकीच्या बोटी

सांगोला तालुका दुष्काळी. डाळिंबाच्या बागा ठिबकवर जगतात आणि माण नदीचे पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडे असते. पुराची सवय इथे ना गावाला, ना कचेरीला. तरी हीच माण पुढे सरकोलीजवळ भीमेला मिळते, आणि ऑक्टोबर 2020 ची अतिवृष्टी किंवा सप्टेंबर 2025 मधला सीना नदीचा महापूर सोलापूर जिल्ह्याला चुकला नाही.

अशा वेळी जवळची मोठी लष्करी तयारी म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. पूल बांधणे, सुरुंग काढणे, नदी ओलांडून देणे हे इथल्या सॅपरचे, म्हणजे लष्करी इंजिनिअरचे, युद्धातले काम. पुरात तेच कौशल्य उपयोगी पडते. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, त्याआधी खचत्या बांधावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. धरण वाचले नाही, पण ते अंधारात न फुटता सकाळी फुटले, आणि पुण्यातल्या अनेकांना घराबाहेर पडता आले. जुलै 2021 मध्ये ‘वर्षा 21’ या मोहिमेत औंध आणि खडकीच्या तुकड्या कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीकडे गेल्या.

तयारी मात्र पावसाच्या आधीची. कोणती तुकडी कुठे जायची हे ठरवून ठेवतात. हवेच्या बोटी फुगवून शिवणी तपासतात, बोटीमागचे इंजिन पाण्यात उतरवून चालवून बघतात; कारण वर्षभर कोठारात पडलेले इंजिन ऐन वेळी दोरी ओढूनही सुरू होत नाही. दोर, लाइफ जॅकेट, सर्चलाइट, प्रथमोपचाराची पेटी हे सारे एकाच गाडीत चढलेले असावे लागते. पोहणे तर शिकवावेच लागते, कारण अनेक जवान कोरड्या मुलुखातून येतात. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातून आलेला दत्तू भोकनळ 2012 मध्ये याच ग्रुपमध्ये भरती झाला, वल्हे मारायला लष्करातच शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला.

लष्कर स्वतःहून गावात शिरत नाही. तहसीलदाराकडून निरोप जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून मागणी वर जाते. बोलवायचे सगळ्यात शेवटी, परत पाठवायचे सगळ्यात आधी, असा संकेत आहे. त्यातला ‘शेवटी’ हा शब्द धोक्याचा. खडकीहून सांगोला दोनशे किलोमीटरहून लांब, आणि पुरात रस्तेही बंद पडतात. तोवर हाताशी असतात ते गावातले पट्टीचे पोहणारे आणि मिळेल ती नाव. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. लष्करी बोटीत माणसे मोजून घेतात, जॅकेट चढवल्याशिवाय कुणाला बसू देत नाहीत, आणि काठावर कितीही आरडाओरड झाली तरी उरलेल्यांना पुढच्या खेपेसाठी थांबवतात.