धबधब्याची पायवाट आणि अर्धशक्ती व्यायाम : रुग्णास द्यावयाच्या सल्ल्याचे विवेचन

वर्षा ऋतूचा प्रारंभ झाला की चिकित्सालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो, “वैद्यराज, रविवारी धबधब्यावर जाऊन आलो तर चालेल ना?” आपणही नाडीवरचा हात न काढता “अवश्य जा, चालणे चांगलेच” असे सांगून मोकळे होतो. या उत्तरात मात्रा, काल व देश यांपैकी कशाचाच विचार नसतो. प्रस्तुत लेखात वसईनजीकच्या चिंचोटी धबधब्याची वाट डोळ्यांसमोर ठेवून या सल्ल्याचे विवेचन केले आहे.

देशविचार

चिंचोटी धबधबा तुंगारेश्वर अभयारण्याच्या परिसरात आहे. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या या वनास २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. मुंबई-अहमदाबाद महामार्गापासून जंगलातून जाणारी वाट साधारण तास-दीड तासाची आहे. वाटेत ओढे ओलांडावे लागतात, खडकांवर शेवाळ असते आणि अखेरीस धबधब्याखाली डोह लागतो. अंतर अल्प असल्यामुळे ही वाट सोपी आहे असा समज होतो, आणि अपघाताचे मूळ याच समजात आहे.

जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीमुळे येथील ओढ्यांना पूर आला व शंभराहून अधिक लोक अडकून पडले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. कारण दोन्हीकडे एकच. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो व त्याचे पाणी काही वेळाने खाली पोहोचते. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा फुगू शकतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा व काटक्या वाहून येणे आणि प्रवाहाचा आवाज वाढणे ही त्याची पूर्वरूपे होत. ती दिसताच उंच बाजूस जावे. भरलेला ओढा ओलांडू नये. प्रवेशबंदीचा आदेश असल्यास ‘जाऊ नका’ एवढेच सांगणे हा वैद्याचा धर्म होय.

कालविचार

येथे शास्त्र व सहल यांचा विरोध दिसतो. वर्षा ऋतूत बल अल्प, अग्नी मंद व वात प्रकुपित असतो. म्हणूनच चरकाचार्यांनी ऋतुचर्येत या काळी व्यायाम, नदीचे पाणी व दिवास्वाप वर्ज्य सांगितले आहेत. बल उत्तम असते ते हेमंत-शिशिरात. पण तेव्हा धबधबा आटलेला असतो. सारांश, धबधब्यास बल असते तेव्हा माणसास नसते!

यातून मार्ग निघतो तो शरदाच्या प्रारंभी. पावसाचा जोर ओसरलेला, ओढे उतरलेले, धबधबा मात्र वाहता, आणि शरीराचे बल मध्यम. शरदात आतप वर्ज्य असल्याने पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. काही जाणकार रुग्ण हंसोदकाचा दाखला देऊन ओढ्याचे पाणी पितात. वरच्या बाजूस गुरे व माणसे वावरत असतात हे ध्यानी आणून देऊन उकळून गार केलेले पाणी घरूनच न्यावयास सांगावे.

मात्राविचार

अर्धशक्तीचे लक्षण व्यवहारात अत्यंत उपयुक्त आहे. कपाळ, नाक, काख व सांध्यांवर घाम येणे, मुखशोष होणे आणि श्वास तोंडाने घ्यावा लागणे, ही लक्षणे दिसताच थांबावे. परतीची वाटही चालावयाची असल्याने ही मर्यादा धबधबा गाठल्यावर नव्हे, तर निम्म्या चढातच पाहावी. तेथेच धाप लागत असेल तर मागे फिरावे. अतिव्यायामाने तृष्णा, ज्वर, छर्दी, प्रतमक श्वास उद्भवतात असे संहितेत सांगितलेच आहे. हृद्रोगी, श्वासरोगी, गर्भिणी व अजीर्ण झालेले यांना ही वाट नको.

एक अनुभव सांगणे कर्तव्य समजतो. माझ्या एका मधुमेही रुग्णाच्या पथ्यपत्रकावर मी ‘भरपूर चालावे’ असे लिहिले होते. ते प्रमाण मानून गृहस्थ भर श्रावणात धबधब्यावर गेले. दिवसभर ओल्या बुटात पाय राहिला, करंगळीस फोड आला; संवेदना मंद असल्याने तो त्यांना कळला नाही. चौथ्या दिवशी आले तेव्हा पाऊल सुजून लाल झाले होते. शल्यचिकित्सकांकडे पाठवावे लागले व करंगळी गमवावी लागली. त्यांची चूक काहीच नव्हती. औषधाची मात्रा लिहिणारा मी, चालण्याची मात्रा लिहावयास विसरलो होतो. तेव्हापासून मधुमेहींना कोरडे मोज्यांचे जोड व खाऊ जवळ ठेवणे आणि परतल्यावर दोन्ही पावले तपासणे हे लेखी देतो.

परतल्यानंतर

सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ज्वर आल्यास ‘पावसात भिजल्याचा ताप’ म्हणून स्वस्थ राहू नये. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कामला ही लेप्टोस्पायरोसिसची, तर अंगावर काळी खपली असलेला व्रण ही स्क्रब टायफसची सूचना असू शकते. तत्काळ तपासणी करवून रुग्णालयात पाठवावे. विलंब प्राणघातक ठरतो.

औषधी दुकानदारांसाठी

या दिवसांत दुकानात सर्पदंशावरील चूर्णाची विचारणा होते. कृपया ते देऊ नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. दंश झालेला अवयव हलू न देता, न कापता, न चोखता व घट्ट न आवळता रुग्णास रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. त्याऐवजी जलसंजीवनीची पाकिटे, जंतुनाशक, पट्टी व अभ्यंगासाठी तिळतेल अशी लहान पिशवी सुचवावी. वाटेवर कुडा, कळलावी दिसली तरी उपटू नये. अभयारण्यात तसे करणे गुन्हा आहे. शिवाय कळलावी उपविष आहे आणि कुडा व काळा कुडा यांची गल्लत अनेकांची होते.

वनविहार मनास प्रसन्न करतो हे निर्विवाद. म्हणून प्रत्येक वेळी ‘नको’ म्हणण्याचे कारण नाही. मात्र पुढच्या वेळी रुग्णाने विचारल्यास कोठे, केव्हा, किती व कोणासह हे चार प्रश्न विचारूनच उत्तर द्यावे, एवढीच विनंती. अस्तु.