निवृत्तांचे औषधपाणी

ठाणे आणि भिवंडी यांच्यामध्ये खाडीकाठी वसलेल्या कशेळीत आज गुदामे आणि नव्या इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. कारखान्यात वा गुदामात हयात घालवलेला मनुष्य अशा गावी निवृत्त होतो, तेव्हा पगाराबरोबर मालकाच्या वर्गणीवर चालणारा आरोग्य-विमाही त्याला सोडून जातो. खासगी कंपनीचा सामूहिक विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. आणि स्वतःच्या नावाने नवा घ्यावयाचा म्हटले, तर मधुमेह व रक्तदाब हेच हप्ता ठरवावयास बसतात.

कामगार राज्य विमा योजनेने मात्र एक दार उघडे ठेवले आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाप्रमाणे निवृत्त झालेल्या कामगारास वर्षाचे 120 रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी औषधोपचार मिळू शकतात. दिवसाला 33 पैसे पडले! तरीही किती निवृत्तांना हे ठाऊक असते? निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देणाऱ्या व्यवस्थापनाने त्याच हाती हा अर्ज व निवृत्तीचा दाखला का देऊ नये?

दाखल्याचा प्रश्न कंत्राटी हमालाच्या बाबतीत विशेष बिकट होतो. त्याला समारंभपूर्वक निवृत्त कोण करणार? वस्तुतः निवृत्तीचे वय ठरलेले नसेल तेथे साठ वर्षे हे वय धरावे, अशी तरतूद 1948 च्या कायद्यात पुढे 1989 च्या दुरुस्तीने झालेली होती. परंतु कंत्राटदार बदलताना जुना विमा क्रमांक पुढे चालवला नाही, तर पाच वर्षे कागदावर जुळत नाहीत.

पगारवाढीचीही एक गंमत आहे. 1 जानेवारी 2017 पासून वेतनमर्यादा 21,000 रुपये झाली. ती ओलांडणारा योजनेबाहेर पडतो आणि निवृत्तीनंतरचा हक्कही गमावून बसतो. फेब्रुवारी 2024 मध्ये महामंडळाने 30,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या अशा निवृत्तांसाठी अट शिथिल करण्याचे ठरवले, हे योग्यच झाले.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. खासगी विमा किंवा कामगार विमा असलेल्यासही ते घेता येते. एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही. केंद्र सरकारी आरोग्य योजनेतील वा माजी सैनिकांच्या योजनेतील निवृत्तांना मात्र दोहोंतून एकच निवडावी लागते. तेथे घाई करू नये. आयुष्मानचा खर्च रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात येत नाही. महिन्याच्या औषधांचे बिल भरणाऱ्या पेन्शनराला पाच लाखांच्या आकड्यापेक्षा त्या गोळीचा हिशेब अधिक जवळचा आहे.

उरते ती साठ ते सत्तर ही दहा वर्षे. वर्गणीची नोंद आणि जन्मतारीख दोन्ही महामंडळाच्या दप्तरी असतात. मग साठाव्या वाढदिवशी त्या कामगारास महामंडळानेच पत्र पाठवावयास काय हरकत आहे?