यवतमाळचा वकील, दिल्लीचे सभागृह

लोकनायक बापूजी अणे यांनी वकिली केली यवतमाळला आणि कायदेमंडळात नाव कमावले दिल्लीला. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घरात झाला. त्या वेळी जिल्ह्याचे नावही वणीवरूनच होते; यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये पडले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेऊन अण्यांनी काही वर्षे अमरावतीला शाळेत शिकवले, कायद्याची पदवी मिळवली आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळला वकिली सुरू केली.

यवतमाळ तेव्हा कापसाच्या पैशावर वाढणारे जिल्ह्याचे गाव होते. काळ्या जमिनीचे व्यवहार, सावकारी कर्जाचे दावे, गहाणखते, वाटण्या, कुळांची भांडणे हेच अशा ठिकाणच्या वकिलाचे रोजचे काम. मुंबईच्या हायकोर्टातल्या बॅरिस्टरला खेडे माहीत असे ते कागदावरून. जिल्ह्याच्या वकिलाकडे मात्र पक्षकार बैलगाडीने यायचा, ओसरीवर बसायचा आणि दाव्याबरोबर गावची सगळी हकीकत सांगून जायचा. मामलेदार कसा वागतो, जंगलखात्याचा शिपाई काय मागतो, कोणत्या गावात पाणी आटले, हे वकिलाला घरबसल्या कळे. वऱ्हाडातले पुढारी त्या पिढीत बहुतेक वकीलच का निघाले, याचे उत्तर इथे सापडते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे त्यातले वडीलधारे नाव. खापर्ड्यांप्रमाणे अणेही टिळकांचे अनुयायी. होमरूल चळवळीत ते पुढे आले आणि १९२१ पासून दशकभर वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष राहिले.

वऱ्हाडची कायदेशीर स्थिती मात्र फार विचित्र होती, आणि ती समजल्याशिवाय अण्यांची कारकीर्द नीट कळत नाही. हा मुलूख निजामाचा. फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये तो कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. १९०२ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री मान्य करून, वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर, तो इंग्रजांना कायमचा पट्ट्याने मिळाला. पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. राज्य इंग्रजांचे, पण कायद्याच्या भाषेत हा ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हे. म्हणून १९१९ च्या सुधारणांनी दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ आले तेव्हा वऱ्हाडच्या जागेसाठी एक युक्ती करावी लागली. वऱ्हाडातले मतदार मतदान करीत आणि निवडून आलेल्या माणसाची सरकार ‘नियुक्ती’ करी. अणे १९२४ पासून या जागेवर बसले. कामकाजाच्या अहवालात त्यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असे छापले जाई. लोकांनी निवडलेला, पण कागदावर सरकारने नेमलेला असा हा सभासद सरकारवर टीका करायला उभा राहत असे. असला पेच कायदेपंडितांनाच सुचू शकतो.

सभागृहाचे अधिकारही बेताचेच. सुमारे १४५ सभासदांत निवडून आलेल्यांचे बहुमत होते, परंतु मंडळाने नाकारलेले विधेयक किंवा अंदाजपत्रकातली रक्कम व्हाइसरॉयला आपल्या अधिकारात मंजूर करता येई. मग तिथे जाऊन करायचे काय, यावरच त्या दशकातले राजकारण फिरत होते. गांधीजींचा कायदेमंडळांवर बहिष्कार. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांचा स्वराज्य पक्ष आत जाऊन अडवणूक करायच्या मताचा. टिळकांच्या शिष्यांना दोन्ही टोके पटेनात. जिथे उपयोग होईल तिथे सहकार, नसेल तिथे विरोध, हा त्यांचा ‘प्रतियोगी सहकारिता’वाद. मध्य प्रांतात श्रीपाद बळवंत तांबे यांनी १९२५ मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातले पद घेतल्यावर या वादाला तोंड फुटले. केळकर, जयकर, मुंजे आणि अणे स्वराज्य पक्षातून बाजूला झाले. वकिलाचा पिंड इथे उघड दिसतो. खटला कमकुवत असला तरी कोर्टात गैरहजर राहणे त्याला कधीच पसंत पडत नाही.

पक्ष सोडला तरी माणसे तुटली नाहीत. राज्यघटनेचा आराखडा तयार करणाऱ्या १९२८ च्या नेहरू समितीत अणे होते आणि अहवालावर त्यांची सही आहे. १९३१ मध्ये बंगाल काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस आणि जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या गटांत तंटा विकोपाला गेला, तेव्हा लवाद म्हणून काँग्रेसने यवतमाळच्या या वकिलाला पाठवले. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेणारा माणूस, ही त्यांची ख्याती बंगालपर्यंत पोहोचली होती.

याच माणसाने १९३० मध्ये कायदेमंडळ सोडले आणि कायदा मोडला. ते मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष, पण वऱ्हाडला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले गेले खरे, पण सगळीकडे ते कुठून जमणार? शिवाय वऱ्हाडी शेतकऱ्याला मिठाच्या कराहून अधिक जाच होता तो जंगल कायद्याचा. राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापता येत नसे. गुरे आत गेली की दंड, नाहीतर कोंडवाडा. म्हणून सत्याग्रहाचे हत्यार झाले विळा. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात अण्यांनी परवान्यावाचून गवत कापले आणि अटक करून घेतली. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनीही यवतमाळ भागात जंगल सत्याग्रह केला. कोर्टात दुसऱ्यांची बाजू मांडण्यात हयात गेलेला माणूस आता आरोपीच्या पिंजऱ्यात होता.

१९३३ मध्ये, मोठे पुढारी तुरुंगात असताना, अणे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी त्यांनी काँग्रेसशी पुन्हा फारकत घेतली. धर्म-जातीनुसार वेगळे मतदारसंघ देणाऱ्या ब्रिटिश पंतप्रधानांच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने ना स्वीकार ना नकार असा पवित्रा घेतला. मदनमोहन मालवीय आणि अणे यांना तो अमान्य होता. दोघांनी मिळून काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. मध्यवर्ती कायदेमंडळात पुढची काही वर्षे अणे या छोट्या गटाचे पुढारी होते.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त निर्णय १९४१ चा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपले कार्यकारी मंडळ वाढवले आणि अण्यांनी त्यात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते स्वीकारले. कायदेमंडळात ते सभागृहनेते झाले. जन्मभर ज्या बाकांवर टीका केली, त्याच सरकारी बाकांवर बसले. प्रतियोगी सहकारितेचे तत्त्व मानले तर यात विसंगती नव्हती. लोकांना मात्र ती दिसली, आणि १९४२ च्या ऑगस्टमधल्या ‘चले जाव’ चळवळीनंतर तर ती लपवणेच अवघड झाले.

चिमूर प्रकरणाने ही अडचण थेट त्यांच्या दारात आणून बसवली. चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला १६ ऑगस्टला उठाव झाला. नंतर आलेल्या फौजेने गावातल्या स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. चौकशीची मागणी घेऊन सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले आणि त्यांनी उपोषण मांडले ते अण्यांच्या बंगल्यावर. विदर्भातला एकच माणूस सरकारात आहे, त्याने चिमूरला यावे, असे त्यांचे म्हणणे. सरकारने भन्साळींना पकडून परत पाठवले. त्यांचे उपोषण पुढे ६३ दिवस चालले. अणे मंडळात राहिले, पण फार दिवस नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले आणि सरकार त्यांना सोडीना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. चिमूरच्या वेळीच ते बाहेर पडले असते तर त्यांचे स्थान अधिक उजळले असते, असे म्हणायला जागा आहे.

पुढची वर्षे पदांची. १९४३ ते १९४७ सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी, नंतर संविधान सभेचे सदस्य, आणि जानेवारी १९४८ पासून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल. दुसरा कोणी इथे थांबला असता.

अणे निवडणुकीच्या राजकारणात परतले ते वेगळ्या विदर्भासाठी. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने १९३८ मध्येच वेगळ्या महाविदर्भाचा ठराव केला होता आणि १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानेही विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपूरने अण्यांना लोकसभेवर पाठवले. पुढच्याच वर्षी मुंबई राज्याच्या विभाजनाचे विधेयक मंजूर होऊन विदर्भासह महाराष्ट्र झाला. तरी १९६२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, काँग्रेसच्या भर सद्दीत ते नागपुरातून पुन्हा निवडून आले. लोकसभेचे तेव्हाचे गोल इमारतीतले दालन म्हणजे जुन्या मध्यवर्ती कायदेमंडळाचेच दालन. सार्वभौम संसदेत ते आता कुणी ‘नियुक्त’ न केलेले सभासद होते. मागणी मात्र अल्पमतातच राहिली. त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी वेगळ्या राज्यांच्या विषयावरच्या वक्तव्यांच्या वादात २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. उतारवयात त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत महाकाव्यात लिहिले होते. ‘श्रीतिलकयशोर्णवः’ या ग्रंथाला १९७३ मध्ये, मरणोत्तर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.